नागम्माच्या नावाची कार्डं

"ते रेकॉर्डिंग बंद कर आधी," जलीलचाचा म्हणाले.

हर्षालीनं मोबाइल बंद केला. उमरग्याच्या कॉलेजात ती शिकवायची आणि जिल्ह्यातल्या जुन्या माणसांच्या रेडिओच्या आठवणी गोळा करायची. नळदुर्गात चाळीस वर्षं रेडिओ दुरुस्त केलेले चाचा तासभर भरभरून बोलले होते. आता मात्र सारखी टोपी काढत होते, घालत होते.

"उद्या बेंबळीला कडूबाईकडं जाणार ना तू? ती नागम्माचं सांगंल."

कडूबाई आणि नागम्मा नळदुर्गातल्या मैत्रिणी. एकीला बेंबळीला दिलं, दुसरीला कर्नाटकात, आळंदकडं. नागम्माचे आईवडील पुढं नळदुर्ग सोडून गेले. दोघींनाही लिहिता येत नव्हतं. कुणाकडून तरी कार्ड लिहून घेऊन दोघी रेडिओला गाण्याची फर्माईश पाठवायच्या. निवेदक नावं वाचायचा, तीच एकमेकींची खुशाली. माहेरी आली की कडूबाई चाचांकडूनच कार्डं लिहून घ्यायची.

"अठ्ठ्याहत्तर साली नागम्माचा दीर ट्रक घेऊन माझ्या दुकानावर आला. म्हणाला, वहिनी बाळंतपणात गेली, कडूबाईला कळवा. अन् कडूबाईला तवा आठवा लागलेला. कसं सांगू? म्या नागम्माच्या नावानं एक कार्ड टाकलं. मग दुसरं. कार्यक्रम बंद होईस्तोवर टाकत राहिलो."

"नंतर तरी सांगायचं, चाचा."

"रोज ठरवायचो, बेटा."

दुसऱ्या दिवशी एसटीत हर्षालीचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. सांगावं? आपण कोण सांगणारे? आणि न सांगता ही आठवण खरी म्हणून जपून ठेवायची?

कडूबाई ओसरीवर वाटच बघत होत्या. रेकॉर्डिंग सुरू होताच बोलू लागल्या. "नाव ऐकलं की म्या चुलीवरची भाकर सोडून पळायची. आळंदहून नागम्मा! पुढं ते फर्माईशीचं बंद झालं. पर आसंल ती. माझ्याच वयाची हाय."

हर्षालीनं रेकॉर्डिंग थांबवलं. ती उठून अंगणात गेली, दोन येरझारा घातल्या आणि चाचांना फोन लावला.

"मला जमत नाही, चाचा. तुम्हीच सांगा त्यांना."

पलीकडून हायवेवरचे हॉर्न ऐकू येत होते. मग चाचा म्हणाले, "दे तिला."

कडूबाई फोन कानाला लावून ऐकत राहिल्या. "व्हय... व्हय..." मग, "कंच्या साली गेली ती?"

उत्तर ऐकून त्यांचा आवाज चढला. "इतकी वर्सं म्या तिला जित्ती समजून हासत ऱ्हायले, जलीलभाई! तिच्यासाठी रडायचं तरी माझ्या वाट्याला ठिवायचं!"

पलीकडून काहीतरी पुटपुटणं आलं.

"नगा. माफी मागू नगा. आत्ता न्हाय." त्यांनी फोन हर्षालीच्या हातात कोंबला.

"मी जाते, आजी. पुन्हा कधीतरी येईन."

"बस खाली. चालू कर ते."

त्या नागम्माचं सांगू लागल्या. बोरी नदीत म्हशीच्या पाठीवर बसून ती कशी पलीकडं जायची, मास्तरांना कानडीत शिव्या देऊन मराठीत कसा नमस्कार करायची, लग्नात स्वतःची पाठवणी सोडून कडूबाईंच्याच गळ्यात पडून कशी रडली. रेडिओचा त्यात शब्दही नव्हता. हर्षालीनं थांबवलं नाही. परतीची एसटी निघून गेली.

मधेच फोन थरथरला. कडूबाईंनी विचारलं, "त्यांचाच?"

हर्षालीनं मान डोलावली.

"थांबू दे त्यांना," कडूबाई म्हणाल्या, डोळे पुसले आणि पुढं सांगत राहिल्या.