गॅरेजचं दार आणि तिसरा आग्रह

माझ्या कॉफीच्या किटलीवर हात ठेवून सांगते, आता जे ऐकाल त्यातला शब्दन् शब्द खरा आहे. चर्चमधल्या पाद्रीबाबांना मी एकदा-दोनदा थापा मारल्या असतील, पण या किटलीची खोटी शपथ मी कधी घेतलेली नाही.

तर, जूनमध्ये माझ्या गॅरेजच्या दाराची स्प्रिंग तुटली.

दाराच्या वर आडवी असते ना, सगळं वजन पेलणारी, तीच. मी स्वयंपाकघरात लिंबाच्या वड्या कापत होते आणि धाडकन असा आवाज झाला की सुरी वडीत राहिली आणि मी टेबलाखाली. आमच्या तळ्यातल्या लून पक्ष्यांनी एकदम बुडी मारली, ते थेट पलीकडच्या गावच्या तळ्यात वर आले. मधे जमीन आहे हो, मला माहितेय. त्यांनी कसं जमवलं ते त्यांना विचारा. चर्चचा ऑर्गन आपोआप वाजला म्हणतात, पण ते मी ऐकलेलं नाही, म्हणून सांगत नाही. मी फक्त खरं तेवढंच सांगते.

आवाज ऐकून समोरचे व्हर्लिन रस्ता ओलांडून धावत आले. हातात बर्फ काढायचं फावडं. जूनमध्ये!

"आर्डिस! कोणी गोळी घातली का?"

"घातली असती तर दार उघडायला मी आले असते का? आणि फावड्याने काय करणार होता?"

"हाताला लागलं ते घेतलं," म्हणाले आणि फावडं पाठीमागे लपवलं.

आता व्हर्लिन कोण ते सांगते. शाळेची बस चालवून निवृत्त झालेले. बायको जाऊन चार-पाच हिवाळे झाले. माझा नवरा ऑर्व्हिल त्याच्याही आधी गेला. हे दोघे तरुणपणी जिगरी दोस्त. एकाच उन्हाळ्यात, एकाच लाकडाच्या थप्पीतून दोघांनी आपापल्या गॅरेजची दारं हाताने बनवली. त्यामुळे दोन्ही दारं एकाच सुरात कुरकुरतात. ऑर्व्हिलने आमचं मात्र जरा जास्तच रुंद केलं, कारण त्याला मोठी बोट घ्यायची होती. बोट कधी आली नाही. दार तेवढं रुंद राहिलं.

रोज दुपारी मी ते दार वर सरकवायची, आत दोन घडीच्या खुर्च्या मांडायची आणि किटली ठेवायची. थोड्या वेळाने व्हर्लिन यायचे. आम्ही रस्त्याकडे तोंड करून बसायचो. आमच्या गावात विधुर माणूस विधवेच्या घरात पाऊल टाकत नाही. टाकलं तर संध्याकाळपर्यंत चर्चच्या तळघरातल्या कॉफीच्या बैठकीत त्यावर चर्चा होते. पण उघडं गॅरेज म्हणजे ना घर, ना अंगण. तिथे बसलेल्या माणसाला कोणी काही म्हणत नाही. जाता-येता लोक हात करतात, आपणही हात करायचा, झालं. आणि दार बंद असलं तर? तर समजायचं की आज कोणी आलेलं नकोय.

तर त्या दिवशी दार बंद. स्प्रिंग तुटल्यावर ते दोन बैलांनी ओढलं तरी हललं नसतं. मी व्हर्लिनना स्वयंपाकघराच्या दारातूनच विचारलं, "आलाच आहात तर कॉफी घ्या."

"नको नको, उगाच त्रास."

"त्रास कसला? केलेलीच आहे."

"नको, आत्ताच घेतली मी."

आमच्याकडची रीत तुम्हाला ठाऊक असेलच. पहिल्यांदा विचारलं की नाही म्हणायचं. दुसऱ्यांदा विचारलं तरी नाही. तिसऱ्यांदा विचारल्यावर म्हणायचं, "बरं, केलीच असेल तर अर्धा कप." पहिल्याच विचारण्याला हो म्हणणारा माणूस अधाशी. आणि यजमान दोनदाच विचारून थांबला तर त्याचा अर्थ, जा आता घरी.

मी तिसऱ्यांदा विचारायला तोंड उघडलं आणि फोन वाजला. माझा मुलगा कर्टिस. मिनियापोलिसला असतो, आठवड्यातून एकदा फोन करतो आणि तोही नेमका नको तेव्हाच. मी म्हटलं, "थांब रे, दाराची स्प्रिंग..." तर तो घाबरून ओरडायलाच लागला, "आई, हात लावू नकोस! बोटं तुटतील!" त्याची समजूत घालून मागे वळून बघते, तर व्हर्लिन रस्ता ओलांडून पार पलीकडे. खांद्यावर फावडं.

दुसऱ्या दिवशी ते आले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाहीत. त्यांच्याही गॅरेजचं दार खालीच.

तुम्ही म्हणाल, जाऊन सांगायचं ना सरळ. सरळ? आमच्या गावात? इथे घराला आग लागली तरी माणूस आधी हवेबद्दल बोलतो. मी जाऊन काय सांगणार होते, की व्हर्लिन, तुमच्याशिवाय कॉफी घशाखाली उतरत नाही? त्यापेक्षा मी तळ्यात उडी मारली असती.

एक दिवस मी खुर्ची बाहेर, बंद दारासमोर उन्हात टाकून बसले. म्हटलं, दिसले तर येतील. तेवढ्यात एक गाडी थांबली. आतल्या बाईने काच खाली केली. "खुर्ची केवढ्याला?"

"विकायची नाही."

"मग बाहेर का मांडलीय? आणि ती किटली?"

तिला वाटलं मी जुनं सामान विकायला काढलंय. मी म्हटलं, किटली नाही मिळणार, पण डास घेऊन जा, फुकट. आणि खरंच, आमचे डास एवढे की एकाने माझी वडी उचलून नेली आणि दुसऱ्याने त्याच्याशी भांडण काढलं. मी खुर्ची उचलून आत आले. समोरच्या घरात पडदा हलल्यासारखा वाटला. की वाऱ्याने हलला, कोण जाणे.

शनिवारी कर्टिस आला. येताना नव्या दारांचं रंगीत पुस्तक घेऊन आला आणि माझ्या वड्यांच्या ताटावरच उघडून ठेवलं.

"हे बघ आई. पोलादी. आत फोम भरलेला, थंडी आत येत नाही. बटण दाबलं की वर, आणि दहा मिनिटांनी आपोआप बंद."

"आपोआप?"

"हो ना! तू विसरलीस तरी काळजी नाही."

"मी आत बसलेली असले तर?"

"तू गॅरेजमध्ये बसून काय करणार आहेस?"

या पोराला मी नऊ महिने पोटात वाढवलं होतं बरं का.

थोड्या वेळाने दारं बसवणारी डेनिस आली. धट्टीकट्टी बाई, कमरेला हत्यारांचा पट्टा. तिने दार खालून वरून पाहिलं, तळाच्या फळीला पेचकस टोचला तर तो लोण्यात गेल्यासारखा आत गेला.

"काय म्हणतेस, वाईट नाही ना?" मी आशेने विचारलं.

"आजी, वाईट आहे," ती म्हणाली. ती आमच्या गावची नाही, तेव्हाच कळलं. "स्प्रिंग आज बदलता येईल. बाकीचं लाकूड ठणठणीत आहे. पण खालची फळी कुजलीय, ती तशीच ठेवून मी दार वर चढवणार नाही. नवंच बसवायचं तर या मापाचं तयार मिळत नाही, बनवून घ्यावं लागेल. पानगळीपर्यंत येईल."

"चालेल की," कर्टिस म्हणाला. "तोवर बंद राहू दे. आईला कुठे घाई आहे?"

पानगळीपर्यंत! पानगळीनंतर आमच्याकडे काय असतं? बर्फ. उघड्या गॅरेजात बसायचे दिवस मुळात हातावर मोजण्याइतके, तेही गेले असते. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत व्हर्लिनना आणि मला रस्त्याच्या दोन बाजूंनी पडदे हलवत बसावं लागलं असतं. आणि आमच्या वयात पुढचा उन्हाळा कोणी गृहीत धरत नाही.

"दुरुस्त करायचं," मी म्हटलं.

"आई, जरा विचार कर..."

"केला. ज्या दाराला माझ्यापेक्षा जास्त कळतं की कधी बंद व्हायचं, ते माझ्या घराला नको. डेनिस, फळी कुठे मिळेल?"

"एवढी लांब, एवढी जाड? असलं जुनं लाकूड आता मिळणं कठीण."

मला ठाऊक होतं कुठे आहे ते. त्या जुन्या थप्पीतल्या उरलेल्या फळ्या व्हर्लिनच्या गॅरेजच्या छताला टांगलेल्या होत्या. पण मी मागायला गेले असते तर आधी हवा, मग टोमॅटो, मग त्यांच्या गुडघ्याची चौकशी, आणि फळीचं नाव निघेपर्यंत डेनिस घरी जाऊन जेवून झोपली असती. म्हणून मी एवढंच म्हटलं, "समोर असेल कदाचित."

कर्टिस शहरात राहून बिघडलाय. तरातरा रस्ता ओलांडून गेला, दार ठोठावलं आणि भर रस्त्यावर ऐकू येईल असं विचारलं, "व्हर्लिनकाका, आईच्या दाराला फळी हवीय. आहे का?"

मी पडद्यामागे डोळे मिटून घेतले.

उघडले तेव्हा व्हर्लिन येत होते. एकटेच, खांद्यावर ती लांबलचक फळी, आणि कर्टिस मागून "काका, मला धरू द्या" म्हणत पळतोय. व्हर्लिननी नवा इस्त्रीचा शर्ट घातलेला. फळी द्यायला इस्त्रीचा शर्ट!

"फक्त फळी द्यायला आलोय," ते माझ्या पायांकडे बघत म्हणाले. "थांबणार नाही."

"नाही, कशाला थांबाल," मी म्हटलं. "हवा बरी आहे आज."

"वाईट नाही."

डेनिसने फळी कापली, बसवली, स्प्रिंग चढवली. मग म्हणाली, "सरका बाजूला," आणि एका हाताने दार उचललं. ते वर गेलं हो! तसंच कुरकुरत, अगदी जुन्या सुरात. उन्हाची पट्टी गॅरेजच्या फरशीवर आत आत येत दोन्ही खुर्च्यांपर्यंत पोचली.

मी किटली उचलली.

"कॉफी घेणार?"

"नको नको, उगाच त्रास."

"केलेलीच आहे."

"नको, आत्ताच घेतली मी."

फोन वाजला. वाजू दिला. मी पदर खोचावा तसा एप्रन आवळला आणि म्हटलं, "व्हर्लिन, घेणार की नाही?"

"बरं," ते म्हणाले. "केलीच असेल तर अर्धा कप."

अर्धा अर्धा करत चार कप झाले. कर्टिस आपलं रंगीत पुस्तक गुंडाळून उभा होता. त्याने एकदा खुर्च्यांकडे बघितलं, एकदा त्या शर्टाकडे, आणि म्हणाला, "आई, मी निघतो. दार... उघडंच राहू दे."

"आपोआप बंद होत नाही ते," मी म्हटलं.

लून पक्षी खरे. डास खरे, विचारा त्या गाडीतल्या बाईला. फक्त एक गोष्ट मी मघाशी तिखटमीठ लावून सांगितली, आणि किटली समोर आहे म्हणून कबूल करते. दार दुरुस्त झालं त्या दिवशी व्हर्लिन दोनदा नाही म्हणालेच नाहीत. मी पहिल्यांदा विचारलं, तर माझं वाक्य संपायच्या आत "हो" म्हणून खुर्चीत बसले. पण गावात त्यांची अब्रू आहे, म्हणून दोन नकार मी माझ्या पदरचे घातले.