एकशे वीस पानं आणि माझं नाक

यंदा माझ्या नावाड्यानं मला तारेनं टोचलं. हो मित्रांनो, तारेनं! कपडे वाळत घालायची जुनी तार वाकडी केली, माझ्या नाकात खुपसली आणि हात झटकून म्हणाला, "झालं काम." ज्याला मी तान्हेपणी अंगावर झुलवत निजवलं, त्यानं मला असं वागवावं! बोलणार नव्हते. पण गप्प बसायची सवय मला कुणी लावली नाही.

मी एक जुनी होडी आहे. शाळेची पायरी चढलेली नाही, मात्र शाळेत जाणाऱ्या तीन पिढ्या नदीपलीकडे सुखरूप उतरवल्या आहेत. माझ्या कुशीवर पांढऱ्या रंगात कसलासा आकडा लिहिलाय, तोही मला वाचता येत नाही. पाण्यानं मला तो कधी विचारला नाही.

ज्या सुतारानं मला घडवलं, तो हाताचा कसबी आणि डोक्याचा हट्टी. माझं पुढचं टोक, ज्याला मी नाक म्हणते, ते त्यानं इतकं निमुळतं केलं की पाणी आपणहून बाजूला सरतं. लोक काठावर थांबून बघायचे. पण आतल्या बाजूनं, जिथं दोन्हीकडच्या फळ्या एकमेकींना भेटतात, तिथं मोठ्या माणसाचा हात काही शिरेना. आणि त्या सांध्यात दरवर्षी कापूस ठासून भरावा लागतो, नाहीतर पाणी आत येतं. सुतारानं डोकं खाजवलं आणि आपल्या सहा वर्षांच्या मुलीला हाक मारली. तिचा हात सुळकन आत गेला.

तेव्हापासून तीच रीत पडली. उन्हाळ्यात नदी उतरली की मला काठावर ओढायचं, एका कुशीवर कलतं ठेवायचं. मोठ्यांनी बाहेरून डांबर लावायचं आणि घरातल्या लहानग्यानं आतून नाकात कापूस भरायचा. आज एक थर, तो नीट बसला की उद्या दुसरा. अशा आठ सकाळी. मुलांना सुट्टी असायची आणि मलाही.

हाच माझा नावाडी सात वर्षांचा होता, तेव्हा जीभ बाहेर काढून कोपरापर्यंत माझ्यात शिरायचा. फट डोळ्यांना दिसत नाही, ती बोटांनी ओळखावी लागते. त्याला ती ओळखता यायची. त्याचा बाप ओरडायचा, "अरे, जेवायला येतोस की तिच्या नाकातच संसार मांडतोस?" मी कोरडीठाक असायचे त्या वर्षांत. एकदा पुराच्या पाण्यातून तीन माणसं ओढून आणली आम्ही. तेव्हा सगळ्यांनी माझ्या अंगावरून हात फिरवला होता. तो हात अजून आठवतो. हल्ली कुणी फिरवत नाही, नुसते बूट पुसतात.

मागच्या उन्हाळ्यात त्याच्या मुलीचा नंबर लागला. अंगानं बारीक, म्हणून घरात तिला सुतळी म्हणतात. पहिल्या वेळी तिला धड जमलं नाही, निम्मा कापूस बाहेर लोंबत होता. तरी मी वर्ष काढलं. शेवटच्या दिवशी ती माझ्या नाकाशी तोंड नेऊन म्हणाली, "होडीआजी, पुढच्या वर्षी बघ, एक धागासुद्धा बाहेर दिसणार नाही."

मी वर्षभर वाट पाहिली, मित्रांनो. आणि यंदा ती आली ती वही घेऊन. शाळेनं सुट्टी लागतानाच हातात ठेवलेली, उन्हाळी अभ्यासाची वही. एकशे वीस पानं.

"अहो, सकाळचा तासभर तरी सोडा की तिला," तिची आई म्हणाली. "वही काय पळून जातेय?"

"तू मध्ये पडू नकोस," नावाडी गरजला. "मी सुट्टीभर या होडीत हात घालून बसलो आणि शाळा उघडली तेव्हा पाढे साफ विसरलो होतो. चौथीत दोनदा बसलो मी! सगळा वर्ग मला काका म्हणायचा."

हे खोटं नाही. मी कबूल करते, आणि कबूल करताना माझी फळी न फळी दुखते. त्याला 'काका' म्हणणारी ती पोरं माझ्यातच बसून हसायची, तेव्हा तो वल्ह्याकडे बघत राहायचा. त्याचं दुखणं मला ठाऊक आहे. पण त्या दुखण्याचं औषध त्यानं पोरीला पाजावं, हे मला पटलेलं नाही.

सुतळी माझ्याच सावलीत, माझ्याच कुशीला टेकून लिहायची. शुद्धलेखन झालं, गुणाकार झाले. कापसाचं गाठोडं शेजारी तसंच पडून. मग एक दिवस निबंध आला, 'मी जुनी होडी बोलतेय'. मी तर हरखूनच गेले! पोरीनं माझ्याकडे मान वळवून पाहिलं आणि पहिली ओळ लिहिली. लिहिता लिहिता मोठ्यानं म्हणाली, "आमच्या होडीचं नाक माझ्या हाताएवढंच आहे."

नावाड्यानं डांबराचा ब्रश खाली ठेवला. "होडीला कुठं नाक असतं? बाई हसतील. खोड ते. मोबाइलमध्ये तयार निबंध असतात, त्यातला चांगलासा उतरवून काढ."

तिनं खोडलं. रबराचा भुगा माझ्यावरच झटकला. मग उतरवून काढलं. माझं शुभ्र शीड, निळाशार समुद्र, सोनेरी वाळू. मी जन्मात शीड पाहिलेलं नाही. समुद्र कुठल्या बाजूला आहे तेही मला माहीत नाही.

आठ सकाळी गेल्या. मग नावाड्यानं कापूस तारेनंच आत ढकलला, ते मी सांगितलंच.

शाळा उघडायच्या दिवशी माझ्यात नऊ माणसं बसली. मध्यावर गेलो आणि सगळ्यांच्या पायांना गार लागलं. दूधवाला ओरडला, "अरे, होडी चालवतोस की नदी आत घेतोस?" सुतळी तेवढी रांगत पुढं गेली आणि तिनं माझ्या नाकात हात घातला. अंगठ्यापाशी जरासा अडला, पण गेला. वर्षभरात पोर वाढली होती. बोटांनी फट बरोबर ओळखली तिनं.

"बाबा, इथून येतंय! इथं कापूसच नाही! कुणाचा तरी रुमाल द्या, मी दाबते."

"आधी वही धर! वही भिजेल!"

तिनं हात काढला. दोन्ही हातांनी वही डोक्यावर धरून ती उभी राहिली. मोठी माणसं डब्यांनी पाणी उपसत होती आणि फट ओळखणारी एकटी वही सांभाळत होती. कसेबसे पोचलो. माणसं कमरेपर्यंत ओली, वही कोरडी.

संध्याकाळी परतताना ती वही घेऊन आली. निबंधाला दहापैकी दहा. खाली लाल शाईत शेरा, 'छान! अनुभवातून लिहिले आहेस.' नावाड्यानं तो शेरा सगळ्यांना दोनदा वाचून दाखवला. सुतळी मात्र पाण्यात बोट घालून बसली होती.

मित्रांनो, वहीशी माझं वैर नाही. वर्षाचे दहा महिने तुम्ही तिचे, मी कधी आड आले का? पण सुट्टीत कुणीतरी तुमच्या हाताची वाट बघत असतं आणि हात काही तेवढेच राहत नाहीत. एवढं तुमच्या मोठ्यांना जरूर सांगा. माझ्या मोठ्याला मीच सांगितलं.

त्यानं मला खुंट्याला बांधलं, नाकावर थाप मारली आणि म्हणाला, "म्हातारे, वय झालं तुझं. गळायला लागलीस."

मग मात्र मी मोठ्यानं बोलले. त्याला नुसती फळ्यांची करकर ऐकू आली असेल, तर तो त्याचा प्रश्न.

"वय माझं नाही झालं रे, अक्कल तुझी आटली. एकशे वीस पानांत एकच ओळ खरी होती, ती तू खोडायला लावलीस. दहापैकी दहा मिळाले ते तुझ्या मोबाइलला. पोरीचा हात माझ्या नाकात मावायचा हा शेवटचा उन्हाळा होता, आणि तो हात तू वही धरायला लावलास. आता घे ती तार, आणि बस जन्मभर टोचत."