घाटाखालून चार लिटरात

आमच्या गावच्या सप्ताहाचा एक जुना रिवाज आहे. काल्याच्या कीर्तनाला ज्यांना बोलवायचं, त्यांना आणायला गावातलं सगळ्यात मोठं वाहन जातं. बैलांच्या काळात सगळ्यात उंच जोडी जायची, मग जीप आली, आणि गेल्या वर्षापासून हिंमतरावांची सात माणसांची गाडी जाते. ती इतकी उंच आहे, की चढायला पायरी आहे. वाहन मोठं तेवढा महाराजांचा मान मोठा, हे गावात कुणी कुणाला शिकवलेलं नाही, पण सगळ्यांना ठाऊक आहे. मलाही होतं.

मी पोस्टातून निवृत्त झालो. राहतो चिखलीला, पण सप्ताहाचे सात दिवस गावीच असतो. कीर्तन ऐकणं हे माझं एकच व्यसन. घाटावर आणि घाटाखाली कुठेही मंडप पडला की मी माझी गाडी काढतो. सतरा वर्षांची आठशे सीसीची गाडी आहे. गावातली पोरं तिला डबी म्हणतात.

यंदा काल्याच्या कीर्तनाला अन्नपूर्णाबाई येणार होत्या. याच गावच्या लेकी, आता साठीच्या. तालुक्या-तालुक्यांत त्यांचं नाव आहे, पण माहेरच्या मंडपात काल्याचं कीर्तन त्यांनी कधी केलं नव्हतं. त्यांना बोलवा असा हट्ट धरला पुंजाजीबाबांनी. बाबा त्र्याऐंशी वर्षांचे आणि चाळीसहून जास्त वर्षं आमचे विणेकरी. सप्ताहात वीणा जमिनीला टेकत नाही. दर दोन तासांनी ती एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते, आणि ती गळ्यात असेपर्यंत माणूस बसत नाही. शेवटच्या दिवशी पहाटे चारला बाबांनी वीणा घेतली आणि सांगितलं, "आता हे मी कोनाले देत नाई. अन्नपूर्णा आली की तिच्याच गळ्यात घालीन."

याचं कारण जुन्या माणसांना माहीत होतं. अन्नपूर्णाबाई पंधरा वर्षांच्या असताना दुपारच्या पहाऱ्याला कुणी वेळेवर आलं नाही, म्हणून त्या वीणा घेऊन उभ्या राहिल्या. बाबा धावत आले आणि पोरीच्या जातीनं वीणेला हात लावला म्हणून सगळ्यांदेखत ती त्यांच्या हातातून ओढून घेतली. त्या गोष्टीला पंचेचाळीस वर्षं झाली. बाबांना ती आता स्वतःच्या पायावर उभं राहून परत द्यायची होती. पुढच्या सप्ताहाला आपले पाय असतील की नाही, याचा त्यांना भरवसा नव्हता.

आणि नेमका त्याच आठवड्यात टँकरवाल्यांचा संप लागला होता. संपाच्या तिसऱ्या दिवशी चिखलीपासून मलकापूरपर्यंत सगळ्या पंपांवर 'पेट्रोल-डिझेल नाही' अशा पाट्या लागल्या, एसटीच्या फेऱ्या बंद झाल्या. अन्नपूर्णाबाईंचं आदल्या संध्याकाळचं कीर्तन शेगावला होतं. तिथून आमचं गाव पासष्ट किलोमीटर, मध्ये घाट.

महाप्रसादाला जशी दारोदार ज्वारी मागतात, तसं सप्ताहाच्या मंडळानं आदल्या दिवशी दारोदार पेट्रोल मागितलं. बायकांनी स्वतः मोटरसायकली आडव्या करून पाण्याच्या बाटल्यांत पेट्रोल काढून दिलं. कुणी अर्धा लिटर, कुणी पाव. नऊ लिटर जमलं.

मी भीत भीत म्हटलं, "हिंमतराव, माही गाडी नेऊ का? नऊ लिटरात जाऊन-येऊन वरून उरंल."

"महाराजले डबीत बसवता काय, काका?" एकजण म्हणाला, आणि सगळे हसले.

हिंमतराव म्हणाले, "माह्या टाकीत दोन लिटर हायेच. माही गाडी बाराचं मायलेज देते. कंपनीनं लिहून देल्लं हाये."

मी किल्ली परत खिशात टाकली. पोरं हसली म्हणून नाही. मलाही मनातून वाटलं, की काल्याचं कीर्तन करणारं माणूस माझ्या गाडीतून उतरताना बरं दिसायचं नाही. ही माझी चूक मी लपवत नाही.

हिंमतरावांचा मुलगा गोपाल गाडी घेऊन पहाटेच निघाला. तो अमेरिकेत गाड्या बनवणाऱ्या एका कंपनीत इंजिनीअर आहे, महिनाभराच्या सुट्टीवर आला होता. साडेआठला त्याचा मला फोन आला.

"काका, गाडी बंद पडली. घाटाच्या पायथ्याशी, धाब्यापाशी. अन्नपूर्णाआत्या बरोबर आहेत."

"पेट्रोल?"

"संपलं. बाराचं तर सोडाच, नऊचंही दिलं नाही. आमच्या बाबांना तुम्हीच सांगा, मला ते फोनवर बोलू देणार नाहीत."

मी मंडपात गेलो. पुंजाजीबाबा साडेचार तास उभे होते. वीणेचा पट्टा रुतू नये म्हणून खांद्यावर कुणीतरी टॉवेलाची घडी ठेवली होती. हिंमतराव त्यांना विनवत होते, "बाबा, घडीभर माह्याजवळ द्या. ते आली की परत घ्या." बाबा मान हलवत होते आणि तोंडानं नाम चालू होतं. उजव्या पायावरचा भार ते पुन्हा पुन्हा डाव्यावर घेत होते.

मी हिंमतरावांना बाजूला घेऊन सांगितलं. ते स्वतः जाऊन लाऊडस्पीकरच्या जनरेटरचा कॅन घेऊन आले आणि माझ्या टाकीत दीड लिटर ओतलं. "लाइन गेली तर?" मंडळातल्या एकानं विचारलं. "तर माइकशिवाय ऐकू," हिंमतराव म्हणाले.

माझ्या टाकीत अडीच लिटर असेल असा माझा अंदाज. सगळं मिळून चार. पायथ्यापर्यंत जाऊन-येऊन ब्याण्णव किलोमीटर. मी देवाचं नाव घेऊन निघालो.

धाब्यापाशी पोचलो तेव्हा दहा वाजत आले होते. ती उंच गाडी झाडाखाली गप्प उभी होती. अन्नपूर्णाबाई बाजेवर बसून चहा पीत होत्या. शेजारी त्यांचे मृदंगवाले दीपकबुवा आणि एका पायावर भार देऊन उभा असलेला सहा फुटी गोपाल.

"लक्ष्मीकांतभाऊ, या गाडीतून तर उतरायलेही मले शिडी लागली," बाई म्हणाल्या आणि माझ्या गाडीत पुढे येऊन बसल्या, जशा रोजच बसतात. दीपकबुवा मृदंग मांडीवर घेऊन मागे बसले. गोपालनं गुडघे हनुवटीपर्यंत घेतले तेव्हा कुठे दार लागलं.

"काका, किती आहे टाकीत?"

"दोनच्या आसपास."

त्यानं खिडकीतून वर घाटाकडे पाहिलं. मग म्हणाला, "मी इथेच थांबतो. तेवढं वजन कमी होईल."

"बस बे गुपचूप," बाई म्हणाल्या. "मंडपात लोकं इचारतीन, पोरगं कुठी टाकलं, तर मी काय सांगू?"

घाट लागला. मी खिडक्या अर्ध्या वर घेतल्या, पाय हलका ठेवला, दुसऱ्या गिअरवर वळणामागून वळण चढत गेलो. गोपाल कान देऊन इंजिन ऐकत होता, जसा मी चांगल्या बुवाचा आलाप ऐकतो तसा.

"तीनच सिलिंडर ना, काका?"

"तीन."

"आणि गाडीचं वजन साडेसहाशे किलोच्या आसपास. आमच्या मोठ्या गाडीचं दोन हजारांच्या वर." त्यानं बोटांवर हिशेब केला. "म्हणजे बघा, आपण चौघं मिळून अडीचशे-पावणेतीनशे किलो. ती गाडी बहुतेक पेट्रोल स्वतःलाच उचलायला जाळते. ही माणसांना उचलते."

मला सतरा वर्षांत हे कधी सुचलं नव्हतं. कुण्या माणसानं कुठेतरी टेबलाशी बसून एकेक पत्रा पातळ केला असेल, एकेक थेंब वाया जाऊ नये म्हणून डोकं झिजवलं असेल. त्याला आमचा घाट ठाऊक नाही, आमचा सप्ताह ठाऊक नाही, आणि त्याच्या त्या विचारावर आम्ही चढत होतो.

"तुमच्या अमेरिकेत अशा लय असतीन," दीपकबुवा मागून म्हणाले.

"एकही नाही, बुवा."

"काऊन? तुमी तं चंद्रावर जाता."

गोपाल हसला. "जातो. पण एवढी छोटी गाडी तिथं विकायला नाही. तिथं पेट्रोल स्वस्त, म्हणून मायलेज कुणी विचारत नाही. छोटी गाडी बनवायला मेहनत जवळजवळ तेवढीच लागते, पण कंपनीला नफा सुटतो तो मोठीवर. सरकारचा नियमही असा, की गाडीचा पसारा जितका मोठा, तितकी तिला मायलेजमध्ये सूट जास्त. मग छोटी कोण बनवेल? वर टकरीच्या चाचण्या कडक. ही गाडी त्यात पास व्हायची नाही, ते खरंच आहे."

"मंग भेव तं खरंच हाये," बाई म्हणाल्या.

"खरं आहे, आत्या. रस्त्यावर शेजारून ट्रकएवढ्या गाड्या चालल्या, की छोटीत बसलेल्याला भीती वाटते. तो पुढच्या वेळी मोठी घेतो. त्याची पाहून शेजारी आणखी मोठी घेतो."

"अन् कोनाले छोटीच पाह्यजे असली तं?"

"मागणारे थोडे आहेत. पण दुकानात नसली तर लोक पाहणार कशी, आणि पाहिली नाही तर मागणार कशी? कंपनी म्हणते, कुणी मागतच नाही. मी स्वतः त्या बैठकांना बसलोय. मीही मान डोलावलीय."

बाई खिडकीबाहेर पाहत राहिल्या. "आपल्या गावानं बी तेच केलं की," त्या सावकाश म्हणाल्या. "मान म्हनून मोठी धाडली. आमी कीर्तनकारही त्याच्यातच आलो. कोनी लहान गाडी धाडली तं माहंच तोंड वाकडं होत असे."

घाटमाथा आला, गाडीनं मोठा श्वास सोडावा तसा आवाज बदलला आणि सपाट रस्त्यावर आम्ही चौथ्या गिअरवर आलो. दोन्ही बाजूंना तुरीची कापणी चालू होती. बाईंनी हळू आवाजात नाम धरलं, दीपकबुवांची बोटं मृदंगाच्या कडेवर वाजू लागली, आणि गोपालच्या डोळ्यांत पाणी होतं की वारा लागत होता ते मी आरशात नीट पाहिलं नाही.

सहा किलोमीटर राहिले तेव्हा लाल दिवा लागून बराच वेळ झाला होता. काटा खाली टेकला होता. गोपाल किलोमीटरच्या दर दगडावरचा आकडा वाचत होता. पाच. चार. मग त्यानं वाचणं सोडून दिलं आणि तोही नाम घेऊ लागला. शिवेवरच्या गतिरोधकावर इंजिनानं दोन गचके दिले. मी पाय काढला. गाडीनं पुन्हा दम धरला.

सव्वाअकराला आम्ही मंडपापाशी उतरलो. लाइन खरोखरच गेली होती. स्पीकर मुके होते, आणि तीनचारशे माणसं इतकी गप्प होती, की एकट्या बाबांच्या वीणेची तार ऐकू येत होती. ते अजून उभेच होते. सात तास झाले होते. त्यांच्या मागे हिंमतराव दोन्ही हात पसरून, पण बाबांना न शिवता उभे होते. पडलेच तर झेलायला.

पाय धुवायला परात आणली होती. बाई परातीकडे न पाहता थेट बाबांसमोर गेल्या आणि नमस्काराला वाकल्या.

"थांब," बाबा म्हणाले. "पयले हे घे. तुह्या हातातून ओढून घेतली होती म्या. सगळ्याईच्या समोर."

"माह्या ध्यानात नाई, बाबा."

"माह्या हाये."

त्यांनी वीणा गळ्यातून काढली. पट्टा खांद्याला इतका चिकटला होता, की हिंमतरावांना तो सोडवावा लागला. बाबांनी स्वतःच्या हातांनी ती बाईंच्या गळ्यात घातली, तारेवरून एकदा बोट फिरवलं आणि आहे त्या जागी, उघड्या जमिनीवर बसले. त्यांना बसलेलं पाहून मागच्या बायकांच्या डोळ्यांना पदर लागले.

माइक नव्हता, म्हणून लोक पुढे सरकले. ओट्यांवर, गल्ल्यांत बसून ऐकणारे मंडपात आले. बाईंनी पहिलं नाम उचललं तेव्हा सगळा गाव त्यांच्यापासून हातभर अंतरावर होता. मी आयुष्यात पुष्कळ कीर्तनं ऐकली आहेत. इतक्या जवळून एकही नाही. बाबा खांबाला पाठ टेकून, डोळे मिटून ऐकत होते आणि त्यांची मान एकदाही ठेक्याला चुकली नाही.

दहीहंडी फुटल्यावर मी बाईंना द्रोणात काला नेऊन दिला. त्यांनी आधी बाबांकडे पाहिलं. ते भिंतीच्या सावलीत जेवत होते, हिंमतराव शेजारी बसून त्यांच्या ताटात वाढत होते.

"भाऊ, मी खोटं बोलली," त्या हळूच म्हणाल्या. "सारं ध्यानात होतं. त्या दिवशी माह्या अंगात कोणता फराक होता ते भी ध्यानात हाये."

"मग नाही म्हणून कशाला सांगितलं?"

त्यांनी काल्याचा घास घेतला, सावकाश खाल्ला. "म्हातारा सात घंटे उभा होता, भाऊ. हाव, ध्यानात हाये म्हटलं असतं तं अजून उभाच राह्यला असता."