हळदीच्या कापडावरची पावलं

"तुमच्या नणंदेचं रक्त एकदा तपासून घ्या," बबिता सिस्टर निकिताला म्हणाल्या होत्या. तेही भर लसीकरणाच्या दिवशी, अंगणवाडीच्या गर्दीत. एका हातात सुई, दुसऱ्या हातात निकिताच्या लेकीची, छोट्या नयनची मांडी, आणि तेवढ्यातही त्यांची नजर मागे उभ्या असलेल्या अर्पिताच्या तोंडावर गेली होती. "पापण्या आतून पांढऱ्या दिसतात. पोलीस भरतीसाठी पळते म्हणता ना? मग तर घ्याच."

निकितानं "हो, हो" म्हटलं आणि विसरून गेली. लस टोचल्यावर नयनला ताप किती चढेल, या काळजीत ती होती. काळजी करण्यात निकिताचा हात धरणारं गावात कोणी नव्हतं. पोरीनं माती खाल्ली तर, चिंचोका गिळला तर, पाळण्याची दोरी तुटली तर. नेमकी ही एक काळजी तेवढी करायची राहून गेली.

पुढच्याच महिन्यात अर्पिता शाळेच्या मैदानावर पळता पळता कोसळली. तिची पाळी चालू होती. मैदानाच्या कडेला देवीचा ओटा. गावाला एवढं पुरे होतं. डोळ्यावर पाणी मारेपर्यंतही कोणी थांबलं नाही, निकाल लागून मोकळा झाला: पोट्टी विटाळात देवीसमोरून पळाली, देवीनं पाडली.

रोग आला की वैदू येतो, तशी पंधरवड्यात हळदीमाय आली. कुठून आली ते कोणालाच ठाऊक नव्हतं, त्यामुळे ती फार लांबून आली असणार, असं सगळ्यांनी मानलं. ओट्याशेजारी टिनाचा मांडव पडला. समोर हळदीत रंगवलेलं लांबलचक पांढरं कापड, दोन्ही बाजूंना एकेक तांब्याचा हंडा. पोरीनं हंड्यातल्या तीर्थानं पाय धुवायचे आणि कापडावरून चालत ओट्यापर्यंत जायचं. पाऊल पिवळंच राहिलं तर पोर सोवळी. लाल उमटलं, तर विटाळात पळाली, नाचली किंवा उड्या मारल्या. मग शांतीसाठी नारळ चढवायचे, माय लाल ठशांवर शांतीजल शिंपडायची, आणि लोकांच्या डोळ्यांदेखत लाल पुन्हा पिवळं व्हायचं. देवी दयाळू होती. फक्त नारळ आल्याशिवाय तिला दया येत नसे. चढलेले नारळ संध्याकाळी ज्या दुकानातून आले त्याच दुकानात परत जात, कारण देवीला साठवण आवडत नसे.

दारव्ह्यापासून लोक यायला लागले. जीपवाले "मैदान, मैदान" असं ओरडून सीट भरायला लागले. ज्या मैदानावर सकाळी सात-आठ पोरी पळायच्या, तिथं आता एकही पळत नव्हती.

अशात अर्पिताची मैदानी चाचणी आली. यवतमाळला, गुरुवारी. वर्षभराच्या मेहनतीनंतर तिचे आठशे मीटर पडण्याच्या थोडं आधीच कुठे वेळेत बसायला लागले होते. आणि मंगळवारी सकाळी पाळी आली.

"आधी मायकडे," विमलताई म्हणाली. ही अर्पिताची आई, निकिताची सासू. "कापड पिवळं राह्यलं त जाय, मी सोता दही देईन हातावर. लाल झालं त घरी बस. मले पोरगी पायजे, पोलीस नाई पायजे."

"आई, पोट दुखलं तर मी हळू पळते, जास्त दुखलं त बसते," अर्पिता म्हणाली. "पाळीत पळाल्यानं काई होत नाई."

"काई होत नाई म्हणते! पडली कोण होती मग, मी?"

अर्पितानं पळायचे बूट कोपऱ्यात सारले.

म्हणून मंगळवारी दुपारी चौघी मैदानावर आल्या. चौथी नयन, निकिताच्या कडेवर. गर्दी अशी, की कापूस वेचायला निघालेल्या बायाही गोण्या खांद्यावर टाकून थांबलेल्या. सगळ्यांत पुढे वामनराव. हे माजी सरपंच, आणि देवीच्या उत्सव समितीचे कायमचे अध्यक्ष. हातावर तंबाखू, अंगठ्याला चुना, तोंडात उपदेश.

"या, या," वामनराव म्हणाले. "विमलबाई, मी आधीच सांगतलं होतं. पोरीच्या जातीनं पळावं कायले? पळून पळून जायाचं कुठं?"

"यवतमाळला," अर्पिता म्हणाली.

हळदीमायनं डोळे मिटले होते. मिटल्या डोळ्यांनीच तिनं विमलताईला जवळ बोलावलं आणि कानात विचारलं, "बाहेरची हाय का पोर आज?"

"हाय जी," विमलताई कुजबुजली.

"मले मालूम हाय," माय मोठ्यानं म्हणाली. "देवीनं सांगतलं!" गर्दीनं हात जोडले. "देवी झूट नाई बोलत, बाई! माणूस झूट बोलते, डाक्टर झूट बोलते, मोबाईल त सकाळपासून झूट बोलते. कापड नाई बोलत झूट! जा, डाव्या हंड्यावर पाय धू."

निकिताच्या मनात काहीतरी अडकलं. लहान मूल सांभाळणाऱ्या बाईचे डोळे सगळीकडे फिरत असतात. कुठे खिळा, कुठे उकळता चहा, कुठे विहीर. आल्यापासून तिनं तीन पोरी चालताना पाहिल्या होत्या. दोघी उजव्या हंड्यावर पाय धुऊन गेल्या, दोघी पिवळ्या. एकीला डावीकडे पाठवलं, ती लाल. तीर्थ जर एकच, तर हंडे दोन कशाला?

ती हा विचार करत होती तेवढ्यात कडेवरचा भार हलका झाला. नयन खाली घसरली होती.

अडीच वर्षांच्या पोरीला पाण्याचा हंडा दिसला की ती जे करते तेच नयननं डाव्या हंड्याशी केलं. आधी दोन्ही हात कोपरापर्यंत, मग हंड्यावरचा पेला भरून, उपडा करून पायांवर, मग त्या चिखलात चारदोन उड्या. "नयन! अगं!" निकिता धावली. आई मागे लागली की पळायचं असतं, एवढं नयनला कळत होतं. आणि पळायला समोर छान पिवळा रस्ता अंथरलेला होता.

थप थप थप थप.

इवलीइवली पावलं, पाचही बोटांसकट, लालभडक.

कोणीतरी हळूच म्हणालं, "मायबाई! एवढुशा लेकरालेबी?"

हळदीमाय क्षणभर अडखळली. पण धंद्यात मुरलेली बाई, अडखळली तीही नमस्काराच्या दिशेनं. "कुंकवाची पावलं!" ती ओरडली. "अरे पाह्यता काय, लक्ष्मी चालून आली! बोला, हळदीमायेच्या नावानं..."

पुढचं गर्दीनं पूर्ण केलं. कोणी फूल टाकलं, कोणी नारळ आणून नयनपुढे ठेवला. नयननं तो चावून पाहिला. वामनरावांनी टोपी काढून तिच्या ओल्या पायांवर डोकं टेकवलं. तीच लाली, पण अर्पिताच्या पायाची असती तर पाप, नयनच्या पायाची म्हणून पुण्य. लोकांना यात काहीच खटकलं नाही. माणूस एकदा हात जोडून बसला की डोकं खाजवायलासुद्धा हात मोकळा राहत नाही.

निकितानं पोरीला उचललं ते भक्तीनं नव्हे, धास्तीनं. नयन ओली बोटं तोंडात घालायच्या बेतात होती. निकितानं तिचा हात धरला. बोटं बुळबुळीत लागत होती, साबणाची धुवायची राहावीत तशी. नयनच्या गुडघ्यावर कालचं खरचटलेलं होतं, ते झोंबून ती रडायला लागली. साध्या पाण्यानं झोंबत नाही. निकितानं आपलं बोट त्या ओलीत बुडवून जिभेच्या टोकाला लावलं. आजोळी जेवणानंतर पानाचा डबा उघडायचा, त्याची आठवण जिभेवर आली. चुना.

तिनं आधी पिण्याच्या बाटलीतल्या पाण्यानं लेकराचे हातपाय खळखळून धुतले. मगच ती बोलली.

"वामनकाका, नयन तर काल जन्मली. देवीची खरी सेवा तुम्ही केली. तुमच्या पावलांचं कुंकू उमटलं नाही तर कोणाच्या उमटणार?"

"नाई, नाई," माय घाईनं म्हणाली. "माणसाचा पाय नाई चालत कापडाले."

"काहून नाई चालत?" वामनराव दुखावले. "जन्म गेला सेवेत!"

त्यांनी धोतर वर खोचलं, चपला काढल्या, डाव्या हंड्यावर पाय धुतले आणि झेंडावंदनाला निघाल्यासारखे संथ, ताठ, कापडावरून चालत गेले. ओट्यापाशी पोचून वळले.

मागे दहा नंबरी लाल पावलांची रांग उमटली होती.

हळदीमायनं तोंड उघडलं, मिटलं. लक्ष्मी म्हणावं तर मिशा आडव्या येत होत्या. विटाळ म्हणावा तर...

तांड्यावरची बिजलीबाई कापसाची गोणी खाली ठेवून पुढे आली. कापड नीट पाहिलं, वामनराव नीट पाहिले.

"चार दिस बाहेर बसा जी आता," ती गंभीरपणे म्हणाली. "सैपाकघरात पाय नका टाकू."

यात वामनरावांचं काही बिघडणार नव्हतं. ते जन्मात कधी सैपाकघरात गेलेच नव्हते. पण बायांच्या घोळक्यातून जे हसू फुटलं, ते मैदानाच्या दुसऱ्या टोकापर्यंत गेलं.

"काका, चुन्याची डबी द्या," निकितानं हात पुढे केला. त्यांनी बावरून दिली. तिनं बोटावर कणभर चुना घेतला, थेंबभर पाण्यात कालवला आणि कापडाच्या कोऱ्या पिवळ्या कडेवर टेकवला. लाल. मग मांडवाच्या मागे जाऊन पिळलेल्या लिंबाची फोड उचलून आणली; तिथं फोडींचा ढीगच पडला होता. ती डागावर घासली. पिवळं. पुन्हा चुना, पुन्हा लाल. पुन्हा लिंबू, पुन्हा पिवळं. तिसऱ्या वेळी चुना लावायला बिजलीबाईनं बोट पुढे केलं.

"हळदीला चुना लागला की ती लाल होते, आंबट लागलं की परत पिवळी," निकिता म्हणाली. "आपण कुंकू हळदीचंच करतो ना? डाव्या हंड्यात चुन्याची निवळी आहे, दिसायला पाण्यासारखी. उजव्यात साधं पाणी. शांतीजल म्हणजे लिंबू. कोणाला कुठला हंडा द्यायचा ते माय आपल्याच कानात विचारून घेते. पाळीचं रक्त, पळणं, देवी, यांचा या कापडाशी काडीचा संबंध नाही."

हळदीमाय "घोर कलियुग" असं काहीसं पुटपुटत बोचकं बांधायला लागली. पुढच्या जीपमध्ये ती दोन बायांच्या मधे दाटीवाटीनं बसली. त्यांच्यापैकी कोणी बाहेरची आहे का, हे तिनं विचारल्याचं ऐकिवात नाही.

गर्दी पांगली. विमलताई मात्र हलली नाही.

"कापड खोटं असन," ती म्हणाली. "मानलं. पण माही पोरगी त खरी पडली होती ना वं? ते कोणत्या चुन्यानं?"

प्रश्न खरा होता. निकितानं तो टाळला नाही. ती अर्पिताकडे वळली. "पडलीस त्या सकाळी काय खाऊन गेली होतीस?"

"काई नाई," अर्पिता म्हणाली.

"आणि आदल्या रात्री?"

"मी बाहेर बसली होती ना, वहिनी. सैपाकघरात शिवायचं नाई. वाढून कोणी आणलं नाई. मागायची लाज वाटली, म्हटलं आणतीन." तिनं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. "मग झोपली तशीच."

त्या रात्री नयनला ताप होता. निकिताला वाटलं सासूनं ताट नेलं असेल. सासूला वाटलं सुनेनं. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. विमलताई खाली त्या पिवळ्या कापडावरच बसली.

"म्हंजे देवीनं नाई पाडली," ती म्हणाली. "आपणच पाडली."

बुधवारी त्या तिघी दारव्ह्याच्या दवाखान्यात गेल्या. रक्त तपासलं, कमी निघालं, पण घाबरण्याइतकं नाही. डॉक्टरांनी तपासून पाहिलं, लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या आणि पळायला हरकत नाही म्हणून सांगितलं. बाहेर बबिता सिस्टर भेटल्या. निकितानं मान खाली घालून सगळं सांगितलं. सिस्टरनी रागावण्यात वेळ घालवला नाही.

"पाळीत शरीर बंद पडत नाही गं," त्या अर्पिताला म्हणाल्या. "चालणं, पळणं, ताण देणं, सगळं चालतं. उलट कित्येकींचं पोट त्यानं हलकं होतं. आधी थोडं चाल, अंग गरम होऊ दे. पॅड बदलून मैदानात उतर, एक जास्तीचं पिशवीत ठेव. पाणी पी. फार दुखलं तर वेग कमी कर, नाही जमलं तर बस, त्यात लाज नाही. पण तासाला पॅड भिजत असेल, चक्कर येत असेल, तर तो देवीचा कोप नाही आणि आळसही नाही. तो दवाखान्याचा विषय आहे."

गुरुवारी पहाटे विमलताईनं स्वतः चुलीपुढे बसून भाकरी आणि पिठलं केलं. ताट बाहेर नेलं नाही. अर्पिताला आत बोलावलं, चुलीशेजारी बसवलं आणि शेवटचा घास जाईपर्यंत तिच्या तोंडाकडे बघत राहिली. मग हातावर दही दिलं.

यवतमाळच्या मैदानाबाहेर जाळीला लागून निकिता उभी होती. नयन कडेवर, काळजी डोक्यावर. शिट्टी झाली. पोरी सुटल्या. शेवटच्या वळणावर अर्पिताचं तोंड लाल झालं होतं, पळणाऱ्या माणसाचं होतं तसं. ती पहिली आली नाही. आपल्या तुकडीत चौथी आली, वेळेत आली, आणि उभी राहिली. यादी अजून लागायची आहे.

गावच्या मैदानावर सकाळी पुन्हा पोरी पळतात. हळदीचं कापड बिजलीबाईनं नेलं. गोणीला चांगलं अस्तर झालं. वामनराव पोरींना पाहून अजून नाक मुरडतात, पण आता चुना जरा जपून लावतात.

चमत्कार दिसला की हात जोडायच्या आधी एवढंच विचारावं: हंडे दोन कशाला? विचारल्यानं देवी रागावत नाही. रागावतो तो हंडा भरणारा. आणि पोर पडली, तर देवीकडे बघण्याआधी तिच्या ताटाकडे बघावं.

तुमच्याही घरात, शेजारी, वसतिगृहाच्या खोलीत कोणीतरी आज बाजूला बसलेली असेल. ती मागणार नाही. तिला लाज वाटेल. दुसरं कोणी विचारेल असं धरून चालू नका, आमच्याकडे दोघींनी तेच धरलं होतं. हे वाचून झालं की उठा, तिच्याजवळ जा आणि विचारा, "जेवलीस का?"