नकाशातला कोरा भाग

बोटीवरून बर्फाळ किनाऱ्यावर उतरायचं तर आधी सगळ्यांचे खिसे व्हॅक्यूमने साफ करायचे, असा नियम होता. बाहेरचं एखादं बीसुद्धा तिथे रुजता कामा नये. खलाशाने तिच्या नव्या कोटाचा आतला खिसा उलटा केला आणि कागदाची पुडी खाली पडली. पुडीत लवंगा होत्या.

पुडी तिने लगेच ओळखली. घरातून कुणी परगावी निघालं की तिचे वडील, अण्णा, गुपचूप त्याच्या खिशात लवंगा टाकत. पण हा कोट तिने कपाटावर, जुन्या रजयांमागे दडवला होता. बँकेच्या ट्रेनिंगला जातेय असं सांगून तिने त्यांना भावाकडे सोडलं होतं. म्हणजे गुडघे धरून चालणारा हा माणूस स्टुलावर चढला होता, आणि वर निघताना “ट्रेनिंग नीट कर” म्हणाला होता.

अण्णांची सगळी नोकरी नकाशांच्या छापखान्यात गेली. उत्तरेचा हा समुद्र बघायचं वेड त्यांचंच. डॉक्टर त्यांना एवढा प्रवास नको म्हणाले तेव्हा तिला खरं तर हायसंच वाटलं. म्हाताऱ्याला सांभाळत कोण फिरणार? एकटीचं तिकीट काढलं आणि मनाची समजूत घातली, की त्यांना वाईट वाटू नये म्हणून लपवतेय. मोठी आली काळजीवाली.

“हे इथेच टाकावं लागेल,” खलाशी म्हणाला.

तिच्याने टाकवेना. बाकीचे होडीत उतरले. ती पुडी घेऊन केबिनमध्ये परतली आणि फोन लावला.

“काय गं, कसं चाललंय ट्रेनिंग?”

“अण्णा, मी बोटीवर आहे. खोटं बोलले तुमच्याशी.”

“ठाऊक आहे. मला झेपणार नव्हतंच. सांगितलं असतंस तर मीच जा म्हटलं असतं. लपवलंस, ते लागलं.”

तिला रडूच फुटलं.

“पुरे आता. एवढंच सांग, तिथला रंग कसा आहे? आम्ही तो भाग कोराच सोडायचो. शाई लागायचीच नाही.”

तिला सांगता येईना. चोराच्या मनात चांदणं. अण्णांना कळेल या धास्तीने बोटीवर चढल्यापासून तिचं लक्ष फोनकडेच होतं. खिडकीचा पडदासुद्धा तिने ओढूनच ठेवला होता.

“थांबा अण्णा,” ती उठली. “बघून सांगते.”