मोतीबाईचा कडता

मित्रांनो, जरा दम घेऊन बोलतो. गोरेगावला व्यंकटराव आडत्यांच्या दुकानात पोती मोजून मोजून झिजलेला लोखंडी काटा, तो मीच. खाली पाटा, वर दांडी आणि दांडीवर सरकतं वजन, एवढाच माझा देह. १९९१ साली ट्रकमधून उतरलो तेव्हा अंगावर हिरवा रंग होता. लोकांनी हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला. काय मिरवलो होतो मी! पुढं मात्र नुसती पोती. हळद, तूर, सोयाबीन. एक उतरतंय तोवर दुसरं चढतंय. तुम्ही शाळेतून आल्यावर दप्तर फेकता तरी, मला ती सोय नाही.

ज्ञानबा आमचा मापाडी, म्हणजे वजन करणारा. मापाड्यानं आकडा ओरडून सांगायचा, ही बाजाराची रीत. घेणाऱ्यानं आणि विकणाऱ्यानं, दोघांनीही ऐकावा म्हणून. वर ‘कडता’ धरायचा, म्हणजे गोणपाटाचं आणि मालातल्या ओलाव्याचं वजन आकड्यातून वजा करायचं. या दोन्ही गोष्टी ज्ञानबाच्या जिभेवर अशा बसल्या होत्या, की झोपेत उठवलं तरी त्यानं कडता धरला असता.

२००७ च्या उन्हाळ्यात जवळच्या तांड्यावरची मोतीबाई माझ्यापुढं आली. वय चाळिशीच्या आतलं, पण अंगणातून घरात येईपर्यंत धाप लागायची. आडवं झालं की श्वास कोंडायचा, म्हणून बसूनच झोपायची. दवाखान्यातल्या काट्यावर उभी राहिली तर त्याचे आकडेच संपले! म्हणून तिची मुलगी शिला तिला माझ्याकडं घेऊन आली.

वजन उतरवायचं ऑपरेशन करून घ्या, असं दवाखान्यात मोतीबाईला सांगितलं होतं. पण त्याआधी खाणं कमी करून दहा किलो उतरवायचे. कारण काय, तर लिव्हरवर चरबी चढलेली असते. ती उतरली नाही तर पोटात हत्यार फिरवायला जागा राहत नाही, लिव्हरला इजा होते, माणूस टेबलावरच जाऊ शकतो. म्हणून दर महिन्याला एकाच काट्यावर वजन करायचं आणि ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांना फोनवर कळवायचं.

मोतीबाई पाट्यावर चढली. ज्ञानबानं दांडी सरळ केली आणि सवयीनं ओरडला, “एक क्विंटल बेचाळीस! कडता दोन!”

अख्खा बाजार हसला. कुणीतरी म्हणालं, “ज्ञानबा, बोली लाव की आता!”

मोतीबाईनं पदर तोंडावर ओढला.

“याडी, चल इथून,” शिला म्हणाली. तांड्यावर आईला याडी म्हणतात.

ज्ञानबाचं तोंड एवढंसं झालं. पुढच्या महिन्यात त्यानं दोघींना भर दुपारी, दुकान रिकामं असताना बोलावलं आणि कानात सांगावं तसा आकडा सांगितला. एकशे सदतीस. त्याच्या पुढच्या महिन्यात एकशे बत्तीस, म्हणजे दहा किलो पुरे उतरले. शिलानं आनंदानं उडीच मारली! मित्रांनो, माझी दांडी एकशे एकोणचाळीसवर थांबली होती हो. पण काट्याला तोंड कुठं असतं?

आता डॉक्टर ठरवायचा होता. एक होते हैदराबादचे. ते जठराभोवती पट्टा बसवणार होते. कापाकापी कमी, पण पट्टा सैल-घट्ट करायला सारखं जावं लागणार. दुसऱ्या औरंगाबादच्या डॉक्टरीणबाई. त्या जठराचा मोठा भाग काढूनच टाकणार होत्या. एकदा काढला की परत येणार नाही, आणि गोळ्या जन्मभर.

रिकाम्या पोत्यांवर बसून मायलेकी वाद घालत होत्या.

“पट्टाच बरा, याडी. नको वाटला तर काढता तरी येतो.”

“अगं, बैलाचा पट्टा सैल करायला धनी गोठ्यातच असतो. माझ्या पट्ट्याचा धनी हैदराबादला! जीपमंदी बसवत न्हाई मला, दर खेपंला कशी जाऊ?”

शिलानं व्यंकटरावांच्या फोनवरून दोन्हीकडं आकडा कळवला. हैदराबादहून लगेच तारीख मिळाली. औरंगाबादच्या बाई म्हणाल्या, “आधी इथं येऊन माझ्या काट्यावर उभ्या राहा.”

“एवढ्या लांब नुसतं वजन करायला? काहून?” मोतीबाई चिडली. पण शिलानं हट्ट धरला आणि दोघी गेल्या.

परतल्या त्या थेट माझ्यापुढं. शिलाचे डोळे लाल.

“काका, तिथं एकशे एकोणचाळीस भरलं. तुमी बत्तीस कुठून आणले?”

ज्ञानबा खाली बसला. “कडता धरला, पोरी. जरा जास्तच धरला. माझ्यापायी सगळा बाजार हसला तिला. म्हणलं, लेकराला अन् मायला जरा बरं वाटंल.”

“ज्ञानबाभाऊ,” मोतीबाई धापा टाकत म्हणाली, “हळदीचा कडता चालतो. हळदीला कोणी कापत न्हाई. तुमच्या कडत्यानं मी टेबलावरच गेले असते की!”

मग ती स्वतःच पाट्यावर चढली. ज्ञानबानं दांडीवर दिसला तोच आकडा सांगितला, ना ओरडून ना कुजबुजून.

“शिले, औरंगाबादच. जी बाई माझ्या शब्दावर इसवास ठेवत न्हाई, तीच मला बराबर कापंल.”

दिवाळीपर्यंत मोतीबाईनं अर्ध्या भाकरीवर दिवस काढले. चिडायची, रडायची, दोनदा माझ्या पाट्याला लाथ मारली. पण दहा किलो खरोखर उतरले, तेव्हाच ऑपरेशन झालं. हळदीच्या हंगामात ती तांड्यावरून पायी आली, कुणाचा हात न धरता पाट्यावर चढली आणि ज्ञानबाला म्हणाली, “लावा दांडी. आता पेज बी वाटीभरच जाती, लई तकलीफ हाय. पण आडवी झोपते बघा.”

पुढं विजेवरचा काटा आला आणि मला मागं, फाटक्या गोण्यांत ढकललं. आता गंज चढलाय, सांधे दुखतात. तरी स्वतःचं वजन करायला माणसं माझ्याकडंच येतात. नव्या काट्याचे लाल आकडे रस्त्यावरून दिसतात ना! परवाच कनेरगाव नाक्यावरचे ढाबेवाले शेषराव चोरपावलांनी आले होते. त्यांनाही डॉक्टर ठरवायचा आहे.

म्हणून मित्रांनो, एवढंच मागतो. माझ्या पाट्याखाली हळद आणि माती साचते, मग दांडी अडते आणि खोटं बोलते. अधूनमधून झाडून घेत जा. पोतं ठेवणार असाल तर राहिलं एखाद्या वेळी. माणूस चढणार असेल, तर मात्र आधी झाडा.