तळ्याकडचं खाचर

महिपत चौथीत होता तेव्हा मालन त्या घरात सून म्हणून आली. शीळफाट्याजवळच्या त्या गावात शेतकीची पदवी घेणारा तो पहिलाच. कॉलेजला जाताना रोज त्याचा डबा भरला तो या वहिनीनेच. म्हणून १९९२ साली शेतीची औषधं विकणाऱ्या कंपनीत लागलेला महिपत तारेची चौकट घेऊन आला, तेव्हा तिने कशाला, कोणासाठी, काही विचारलं नाही.

"वहिनी, ही खाचरात टाकायची आणि आतलं तण मोजून मला सांगायचं. तीन वर्षांचे आकडे कॉम्प्युटरला दिले की तो सांगेल, कुठे हाताने तण उपटून बेणणी केली तरी पुरे, कुठे तण मारायचं औषध लागेल, कुठे काहीच नको. उगाच राबायला नको तुम्हा बायकांना."

तीन पावसाळे मालन आणि तिच्याबरोबर बेणणीला जाणाऱ्या सात जणी चिखलात वाकून मोजत राहिल्या. पाखड इतकी, लव्हाळा इतका. महिपत बांधावरून लिहून घ्यायचा.

मग कल्याणला एका सभागृहात शेतकऱ्यांना बोलावलं. भिंतीवरच्या तक्त्यावर काठी ठेवून महिपत वाचू लागला. "खाचर नऊ, तळ्याकडचं. औषध मारलेलं. चौकटीत तण तीन. खाचर बारा, नुसती बेणणी. तण एकतीस. कॉम्प्युटरचा निर्णय साफ आहे. फवारणी करा."

मालन उठून उभी राहिली. "महिपत, तळ्याकडच्या खाचरात औषध मारलंच नाय! ते आम्ही दोनदा बेणलं. औषध बाराव्यात मारलेलंस तू. बेणायला आम्हाला आत शिरू पण दिलं नव्हतंस."

महिपत हसला. "या आमच्या वहिनी. भोळ्या आहेत, नंबरात गोंधळ होतो त्यांचा."

लोकही हसले. मालनचे कान तापले.

जिन्यात तिने त्याला गाठलं. "माझा गोंधळ झाला?"

"कंपनीच्या साहेबांना हेच उत्तर पाहिजे होतं, वहिनी. नोकरी गेली असती माझी."

"मग मला सांगायचंस ना रे. आम्हीच मोजलं, आणि आमचंच काम काढून घेतलंस."

त्याने घड्याळाकडे पाहिलं आणि तो खाली उतरला.

त्या पावसाळ्यात घरोघर कॉम्प्युटरच्या सल्ल्याचे छापील कागद आले. सगळ्यांवर एकच, फवारणी. बेणणीला कोणी बोलावलं नाही. त्या सात जणींतली शेवंती शहरात, कोपरला धुणीभांडी करू लागली, दोघी खडी फोडायला गेल्या.

श्रावणात महिपत पुन्हा चौकट घेऊन आला. मालन गेली नाही, म्हणून बाकीच्याही गेल्या नाहीत. दोन दिवस तो एकटाच मोजत होता. तिसऱ्या दिवशी मूठभर रोपं घेऊन ओटीवर आला. कोवळी पाखड हुबेहूब भातासारखी दिसते.

"वहिनी, यातलं भात कुठलं?"

मालनला बघताक्षणीच कळलं. ती उठून आत गेली. चुलीपुढे बसली तरी हात कशालाच लागेना. विचारणाऱ्याला तण आणि भात वेगळं करून न दाखवण्याची तिची ही पहिलीच वेळ होती.